अनुग्रह घेतलाय, पण आता मन लागत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईंनी अकरा वर्षांपूर्वी दत्त संप्रदायातल्या एका मठात अनुग्रह घेतला. गुरू हयात आहेत. रोज अकरा माळा जप, गुरुवारची आरती, दत्तजयंतीच्या सप्ताहात पारायण आणि महिन्यातून दोनदा मठात अन्नदानाची सेवा, असा नेम. दोनेक वर्षांपासून जपात मन लागत नाही. महाराजांची काही उत्तरं पटत नाहीत. मुलाला दहावीत गुण कमी पडले तेव्हा ‘सेवेत खंड पडला ना’ असं ते म्हणाले, ते मनात सलतंय. इगतपुरीला विपश्यनेचं (बुद्धाच्या परंपरेतलं मौन ध्यान) दहा दिवसांचं शिबिर केलं आणि ‘हे आपलं आहे’ असं वाटलं. नवरा आणि सासूबाई त्याच मठाचे. एका ज्येष्ठ गुरुभगिनीने बजावलं की गुरू सोडणाऱ्याच्या घरावर संकट येतं, आणि पंधरा दिवसांत मुलाचा हात मोडला. आता विचारणं असं: मंत्र बंद करू का, माळ परत देऊ का, महाराजांना सांगायलाच हवं का, आणि दुसरीकडे दीक्षा घेतली तर चालते का?

ताई, चारही प्रश्नांची उत्तरं देतो. पण आधी गाठोडं सोडू. ‘गुरू’ या एका शब्दात तुम्ही पाच गोष्टी बांधल्या आहेत: महाराज ही व्यक्ती, त्यांनी दिलेला मंत्र, रोजची साधना, मठातली माणसं, आणि सोडलं तर काय होईल ही धास्ती. या पाचांचा निर्णय एकच असायला हवा असं कुठेही लिहिलेलं नाही. मंत्र ठेवून मठ सुटू शकतो. मठातली माणसं ठेवून साधना बदलू शकते. महाराजांबद्दल आदर राहून त्यांचा सल्ला घेणं थांबू शकतं. जे लोक एखाद्या गुरुवारी रागाच्या भरात सगळं एकदम टाकतात, ते बरेचदा घरात पहिलं आजारपण आलं की धावत परत जातात, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त घाबरून. म्हणून एकेक गाठ वेगळी सोडायची.

मुलाच्या हाताचं आधी बोलू, कारण तो मनातून गेल्याशिवाय बाकीचं डोक्यात शिरणार नाही. तुमच्या मठात काहीशे घरं असतील. कुठल्याही पंधरवड्यात त्यांतल्या कुणाचा तरी हात मोडतो, कुणाला तरी डेंग्यू होतो, कुणाची तरी नोकरी जाते. ही सगळी नेमाने आरतीला येणारी माणसं असतात. त्यांच्याबाबतीत काय म्हणतात ते आठवा: ‘महाराजांनी मोठ्यावरचं हातावर निभावलं.’ तोच हात, तेच प्लास्टर. राहणाऱ्याच्या घरी ती कृपा ठरते आणि जाणाऱ्याच्या घरी कोप. ज्या हिशोबात दोन्ही बाजूंनी ‘महाराज खरे’ हेच उत्तर येतं, तो हिशोब मुळात मांडलेलाच नसतो. हाड सहा आठवड्यांत जुळून येईल. मुलासमोर मात्र या दोन गोष्टींचा संबंध जोडू नका. पोरं असलं बोलणं विसरत नाहीत.

आता खरा प्रश्न: मन उडालंय म्हणजे नेमकं काय झालंय? हे ज्याचं त्याचं वेगळं असतं आणि पुढची सगळी उत्तरं यावर अवलंबून आहेत.

एक शक्यता निव्वळ कोरडेपणाची. आठ-दहा वर्षं नेमाने जप करणाऱ्या बहुतेकांना हा काळ येतो. खूण अशी की जपाला बसायचा कंटाळा येतो, पण जप राहिला तर दिवसभर चुकचुकल्यासारखं होतं. भीती वाटत नाही, नुसतं काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. शिवाय हा कोरडेपणा जपापुरता नसतो, स्वयंपाकात, गाण्यात, माणसांतही तो दिसतो. अशा वेळी आधी शरीराकडे बघा. पाळी जाण्याचा काळ, थायरॉइड, रक्तातलं लोह, झोप. रक्ताची एक तपासणी करून घेण्यात श्रद्धेला काही बाधा येत नाही.

कोरडेपणावरचा साधनेतला उपाय साधा आहे आणि तो फार कमी जणांना सांगितला जातो. जपाच्या तीन पायऱ्या तुम्हाला माहीत असतील: मोठ्याने म्हटलेली वैखरी, ओठ हलतील पण शेजारच्याला ऐकू जाणार नाही असा उपांशू, आणि ओठ न हलवता केलेला मानस. मानस जप श्रेष्ठ म्हणून सांगतात, त्यामुळे सगळे पहिल्या वर्षभरातच त्यावर उडी मारतात. मग बोटं मणी ओढत राहतात आणि डोकं उद्याच्या डब्याच्या भाजीत. गाडी घसरली की खालच्या गिअरवर यावं लागतं. दोन आठवडे अकराऐवजी तीनच माळा करा. पहिली मोठ्याने, दुसरी ओठांत, तिसरी मनात. मेरुमण्याशी, म्हणजे माळेच्या टोकाच्या मोठ्या मण्याशी, आल्यावर माळ उलटी फिरवण्याआधी एक पूर्ण श्वास थांबा. एवढ्याने जर ओल परत आली, तर तुमचं गुरूंशी भांडण नव्हतंच. संख्येशी होतं.

दुसरी शक्यता महाराजांच्या वागण्या-बोलण्याची. इथे दोन गोष्टींची गल्लत करू नका. गुरू रागावतात, त्यांचे आवडते-नावडते असतात, त्यांना पुरणपोळी आवडते आणि गुडघे दुखले की चिडचिड होते. हे माणूसपण आहे, ते पचवता येतं. पण शिष्याच्या प्रत्येक दुःखाचं कारण ‘तू कमी आलास’ हेच निघत असेल, तर ते माणूसपणाच्या सदरात जात नाही. दहावीच्या गुणांवरचं ते वाक्य एकदाच आलं की दर अडचणीला तेच येतं, हे नीट आठवा. एकदा बोलून गेले असतील तर सोडून द्या. हीच पद्धत असेल तर तुमचं मन उडालेलं नाही, ते जागं झालंय.

दासबोधाच्या पाचव्या दशकातला गुरुलक्षणाचा समास घरात असेलच, तो एकदा सलग वाचा. समर्थ सुरुवातच तिथून करतात की करामती दाखवणारेही गुरू म्हणवतात, पण ते मोक्ष देणारे सद्गुरू नव्हेत. पुढे तर त्यांनी भावच सांगून टाकलाय: जे शिष्याला साधनाला लावत नाहीत, इंद्रियदमन करायला लावत नाहीत, ‘ऐसे गुरु आडक्याचे तीन मिळाले तरी त्यजावे’. अडका म्हणजे त्या काळचं अगदी किरकोळ नाणं. गुरूशिवाय ज्ञान नाही असं त्याच्या आधीच्याच समासात ठासून सांगणारा माणूस हे लिहितोय, म्हणून त्याला वजन आहे. तेव्हा निकष चमत्काराचा किंवा गर्दीचा नाही. या अकरा वर्षांत महाराजांनी तुमच्या साधनेबद्दल शेवटचा प्रश्न कधी विचारला? जप कसा चाललाय, मन कुठे अडतं, राग कमी झाला का? आठवत नसेल तर ते उत्तरच समजा.

तिसरी शक्यता अशी की दोष कुणाचाच नाही, वाटच तुमच्या वृत्तीची नाही. काही माणसं आरतीत, टाळ-मृदंगात, सेवेत फुलतात. काहींना अर्धा तास गप्प बसवलं की ती फुलतात. शिबिरातली शांतता तुम्हाला भावली याचा अर्थ हा असू शकतो. विषय विपश्यनेचा निघालाय म्हणून खुद्द गौतम बुद्धाचंच उदाहरण घ्या. बोधी होण्याआधी तो आळार कालामाकडे शिकला. शिकण्यासारखं सगळं शिकला. गुरूने ते मान्य केलं, इतकंच नाही, तर ‘ये, आपण दोघं मिळून हा संघ चालवू’ असंही म्हटलं. गौतमाला जे हवं होतं ते तिथे नव्हतं, म्हणून तो निघाला. मग उद्दक रामपुत्ताकडे, आणि तिथूनही निघाला. पुढे ज्ञान झाल्यावर हे पहिल्यांदा कुणाला सांगावं असा विचार आला, तेव्हा त्याला आधी आठवला तो आळार कालामच. तोवर तो वारला होता. पण निघून जाणं आणि कृतघ्न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

तुमचं यातलं काय आहे ते मी इथून सांगू शकत नाही. बहुतेकांत थोडं थोडं तिन्ही असतं. म्हणून चाळीस दिवस एक वही ठेवा. साधी, शाळेची. पानावर चार रकाने: किती वाजता बसले, किती माळा किंवा किती मिनिटं, उठल्यावर मन कसं होतं ते एका शब्दात, आणि चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आज बसले ती ओढीने, सवयीने की भीतीने. फक्त ओ, स, भी लिहा. लांब लिहीत बसलात तर चौथ्या दिवशी वही बंद पडेल. चाळीस दिवस एवढ्यासाठी की तेवढ्यात एक अमावास्या-पौर्णिमा, एक पाळी, एखादा सण आणि घरातलं एखादं भांडण येऊन जातं. एका वाईट दिवसावरून निर्णय होत नाही. वही कुणाला दाखवायची नाही, नवऱ्यालाही नाही. शेवटी मोजा. ‘स’ जास्त आले तर पद्धत बदला. ‘ओ’ फक्त मौन बसण्याच्या दिवशी आले तर वाट बदलायची वेळ झालीय. ‘भी’ पंधराच्या वर गेले, तर आधी भीतीचं बघावं लागेल, बाकी सगळं नंतर.

या भीतीचं मूळ बहुधा एका श्लोकात आहे. ‘गुरुत्यागे भवेन्मृत्युः मन्त्रत्यागे दरिद्रता’ आणि पुढे रौरव नरक. गुरुगीतेच्या काही पाठांत हा आहे आणि मठामठांतून तो ऐकवला जातो. तो खोटा नाही, छापलेला आहे. पण त्याच जातीच्या ग्रंथांत, कुलार्णव तंत्रात, हेही आहे की मधाच्या लोभाने भुंगा जसा एका फुलावरून दुसऱ्यावर जातो, तसा ज्ञानाची ओढ असलेला शिष्य एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे जातो. महाभारतातल्या उद्योगपर्वात भीष्म स्वतःच्या गुरूला, परशुरामाला, तोंडावर मरुत्त राजाचा जुना श्लोक ऐकवतो: ‘गुरोरप्यवलिप्तस्य कार्याकार्यमजानतः’. गुरू जर गर्वाने फुगला, काय करावं आणि काय करू नये हे विसरला आणि आडवाटेला लागला, तर काही पाठांत ‘त्याचा त्याग करावा’ आणि काहींत ‘त्याला शासन करावं’ असं आहे. हे श्लोक ऐकवत नाहीत, एवढाच फरक.

आणि तुमचा संप्रदाय तर दत्ताचा. भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगणारा अवधूत परंपरेने दत्तात्रेयच मानला जातो. पृथ्वी, वारा, अजगर, पिंगला नावाची वेश्या, बांगड्या वाजू नयेत म्हणून हातात एकेकच ठेवणारी कुमारी. तो प्रसंग संपताना तो स्पष्ट म्हणतो की एकाच गुरूपासून ज्ञान पुष्कळ आणि स्थिर होत नाही. यावर जाणकार गुरुबंधू लगेच म्हणतील, ते शिक्षागुरू, दीक्षागुरू एकच असतो. बरोबर आहे, हा भेद परंपरेत आहे आणि तो खोडून काढायची तुम्हाला गरजही नाही. त्या भेदानेच तुमचं काम होतं: दीक्षा ज्यांच्याकडून झाली ती झाली, ती पुसली जात नाही आणि पुसायचीही नाही. शिकायचं मात्र अनेकांकडून. त्याला या भेदाची आडकाठी नाही.

गुरुचरित्रातली दीपकाची गोष्टही तुम्हाला ऐकवतील. काशीत एकवीस वर्षं कुष्ठी गुरूची सेवा, शिव्या खाऊन. ती ऐकताना एक बारकावा सुटतो. गुरू वेदधर्मांनी सगळ्या शिष्यांना बोलावून आधीच सांगितलं होतं: एवढा काळ लागेल, असा आजार असेल, सेवा करणाऱ्याला त्रास जास्त होईल, कोण येतं? दीपक भोग स्वतःवर घ्यायला तयार होता, गुरूंनी ते नाकारलं, माझं मलाच भोगायला हवं म्हणाले. मुदत, अटी आणि त्रास आधी सांगणारा, स्वतःचा भोग शिष्यावर न टाकणारा गुरू हा त्या कथेचा अर्धा भाग आहे. तो गाळून नुसती शिष्याची सहनशक्ती सांगितली की कथा वेगळीच होते.

आता तुमचे चार प्रश्न.

मंत्र. एकदम बंद करू नका, आणि हे मी धार्मिक कारणाने सांगत नाही. अकरा माळा म्हणजे 1188 वेळा उच्चार, तेरा-चौदा अक्षरांचा मंत्र असेल तर पाऊण ते एक तास. अकरा वर्षं रोज हा तास मनाला टेका देत होता. तो एका दिवसात काढला की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बेचैनी, अपुरी झोप, डोळ्यांपुढे महाराजांचा चेहरा, चित्रविचित्र स्वप्नं असा प्रकार सुरू होऊ शकतो. चहा सोडल्यावर डोकं दुखतं त्याच्यासारखंच हे. पण त्याला नाव दिलं जातं गुरुकोपाचं, आणि माणूस परत फिरतो. म्हणून दोन आठवडे पाच माळा, पुढचे दोन आठवडे तीन माळा, त्यानंतर एक. रिकाम्या झालेल्या वेळात उठून कामाला लागू नका, तिथेच बसून राहा, श्वास बघा. मुख्य म्हणजे वेळेची आणि जागेची सवय मोडायची नाही. एका माळेवर आल्यावर महिनाभर थांबा. बऱ्याच जणांना ती एक माळ कायमची ठेवावीशी वाटते आणि त्यात काही गैर नाही. मंत्र तुम्हाला दिलेला आहे. दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचं भाडं चालू राहत नाही. तो आईने शिकवलेल्या शुभंकरोतीसारखा तुमच्यापाशी राहू शकतो.

एक पथ्य पाळा. राग आला म्हणून मंत्र चारचौघांत फोडून सांगू नका. त्याने काही अरिष्ट येतं म्हणून नव्हे. तो तुमच्या हातून स्वस्त होईल आणि वर्षभराने तुम्हालाच त्याचं वाईट वाटेल.

माळ. परत द्यायला जाऊ नका. माळ परत करणं म्हणजे राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवल्यासारखं आहे, त्यातून फक्त तमाशा होतो. गोमुखीत, म्हणजे जपाच्या पिशवीत, घालून देवघराच्या खणात ठेवा. तुळशीची असेल आणि पुढे कधी नकोशी झाली तर तुळशीवृंदावनाच्या मातीत पुरा, लाकूड आहे ते. रुद्राक्षाची असेल तर तशीच राहू द्या. नदीत टाकू नका. देवघरातला महाराजांचा फोटो आणि पादुका मात्र तुमच्या एकटीच्या नाहीत. त्या सासूबाईंच्या आणि नवऱ्याच्याही आहेत, त्यांना हात लावायचा नाही. घरातली निम्मी भांडणं फोटो हलवल्यावरून होतात.

महाराजांना सांगावं का? हे परिस्थितीवर आहे. शेकडोंच्या रांगेत पाया पडण्यापुरताच तुमचा संबंध असेल, तर सांगण्यासारखं काही नाही. ते तुम्हाला नावाने ओळखत असतील, तर एकदा बोला, पण ‘मी सोडतेय’ हे सांगायला जाऊ नका, प्रश्न विचारायला जा. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याच्या तीन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. नमस्कार आणि सेवा तुम्ही अकरा वर्षं केलीत. मधला परिप्रश्न राहिलाय.

गुरुवारी जाऊ नका, गर्दी असते. आधी वेळ मागून घ्या, एकट्या जा, नाहीतर मैत्रिणीला बाहेर बसवा. तिथल्या मंडळींतर्फे निरोप पाठवू नका आणि व्हॉट्सअॅपवर तर काही म्हणजे काही लिहू नका. त्याचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत सासूबाईंकडे पोचतो. बोलायचं एवढंच: ‘महाराज, दोन वर्षांपासून जपात मन लागत नाही. शिबिरात गप्प बसून बरं वाटलं. मी काय करावं?’ दहावीचं, हाताचं काही काढू नका. नुसतं उत्तर ऐका. ‘कर की, बघ काय मिळतंय ते, माझा आशीर्वाद आहे’ असं म्हणणारे गुरू आहेत, आणि असं उत्तर आलं तर मन उडालेलं परत येऊही शकतं, त्याची तयारी ठेवा. ‘जपात नेमकं काय होतं सांग’ असं विचारलं तरी ते शिकवणारे आहेत. विषय बदलला, हसण्यावारी नेलं, तर तुम्हाला कळलं ते कळलं. ‘बघ हं, पुढे माझ्याकडे येऊ नकोस’ असा सूर लागला, तर नमस्कार करून उठा. त्या खोलीत वाद जिंकून काही मिळत नाही.

मठातल्या माणसांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळ्यात जड जाणार ते हेच. मंत्र सुटतो, गुरू सुटतो, पण गुरुवारच्या जेवणाच्या पंगतीत शेजारी बसणाऱ्या चौघी सुटत नाहीत. बाळंतपणात डबे आणणाऱ्या, दवाखान्यात रात्री थांबलेल्या याच असतात. म्हणून जिच्याशी खरं मैत्र आहे तिला मठाबाहेर, घरी चहाला बोलवा, आणि त्या चहात मठाचा विषय काढू नका. जी त्यानंतरही येत राहील ती तुमची. अन्नदानाची जबाबदारी अचानक टाकू नका. दोन महिने आधी सांगा, शिध्याचा हिशोब, किल्ल्या, भांड्यांची यादी लिहून द्या आणि घेणाऱ्याची सही घ्या. ‘पैसे अडकले होते म्हणून गेली’ ही कुजबुज सगळ्यात आधी सुरू होते, तिला जागाच ठेवायची नाही.

पैशाचंही बघून घ्या. दरमहा बँकेतून आपोआप जाणारी देणगी असेल तर ती तुमच्याच बँकेत जाऊन थांबवता येते, मठाची परवानगी लागत नाही. मोठी देणगी दिली असेल तर पावती विश्वस्त संस्थेच्या नावाची आहे की कुणा व्यक्तीच्या, ते तपासा. 2,000 रुपयांच्या वर रोख दिलेल्या देणगीला आयकरात देणगीची सवलत मिळत नाही, तेव्हा ‘रोखच द्या’ हा आग्रह का असतो याचा विचार करा. मृत्युपत्रात मठाचं नाव घातलं असेल तर ते हवं तेव्हा बदलता येतं. नोंदवलेलं बक्षीसपत्र मात्र सहसा फिरवता येत नाही. त्यामुळे मन डळमळत असताना जागेच्या कुठल्याही कागदावर सही करू नका, कितीही शुभ मुहूर्त असला तरी.

घरात सध्या फक्त नवऱ्याशी बोला आणि तेही ‘मला वेगळं बसून बघायचंय’ इतकंच. त्यांच्या श्रद्धेवर एक शब्द नाही. सासूबाईंच्या आरतीला हजर राहा, टाळी वाजवा, प्रसाद घ्या. तो ढोंगीपणा नाही, घराचा रिवाज आहे. शेजारच्या घरच्या सत्यनारायणाला आपण बसतोच की.

चौथा प्रश्न, दुसरीकडे दीक्षा. घाई करू नका. निदान वर्षभर कुठलाही नवा अनुग्रह, कुठलंही नवं नाव, कुठलीही नवी माळ नको. शिबिरातून आल्यावर पहिले दोन-तीन महिने एक तेज असतं. दहा दिवस फोन नाही, स्वयंपाक नाही, आर्यमौन (खुणेनेही न बोलणं), पहाटे चारला उठणं, वेळेवर सात्त्विक जेवण, एवढ्यानेच कुणालाही बरं वाटेल. त्यातलं विपश्यनेचं किती आणि विश्रांतीचं किती, हे घरी आल्यावर सहा महिन्यांनी कळतं. तिथे सकाळी एक आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. नोकरी, डबे आणि पाहुणे सांभाळून तुम्ही आठवड्यातून किती दिवस तेवढं बसता, ते त्याच वहीत लिहा.

विपश्यनेत आपल्याकडच्या अर्थाने अनुग्रह नसतो. पंचशील घ्यावं लागतं, विद्या विधिवत मागावी लागते, पण सहायक आचार्य तुमच्या संसाराचे प्रश्न सोडवत नाहीत, साधनेपुरतंच बोलतात. शुल्क नाही, आणि दान घेतात तेही फक्त एक शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच. ज्यांना ‘माझं कसं होणार’ हे विचारायला कुणीतरी लागतं त्यांना हे कोरडं वाटतं. तुम्हाला ते तसं वाटतं का, बघा. शिबिराच्या काळात जप, माळ, पूजा, उपास सगळं बाजूला ठेवायचं असतं, ते नालस्ती म्हणून नव्हे, दोन पद्धती एकमेकींत मिसळू नयेत म्हणून. घरीही हेच पाळा: एका बैठकीत एकच. सकाळी श्वास-संवेदना, संध्याकाळी ती एक माळ. अर्धा तास हे आणि मधेच ते, अशाने दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो.

प्रवचनात एक दाखला हमखास येतो: दहा ठिकाणी थोडं थोडं खणलं तर पाणी लागत नाही, एकाच जागी खोल खणा. दाखला बरा आहे, पण विहीर खणणाऱ्याला विचारा. खारं पाणी लागलं तर आणखी खोल जाऊन ते गोडं होत नाही. तो जागा बदलतो. फक्त बदलण्याआधी चूळ भरून बघतो.

हे सगळं सावकाश करायचं तुमच्यासारख्यांसाठी आहे, जिथे मन आणि वाट यांचा प्रश्न आहे. काही ठिकाणी सावकाशीला जागा नसते. गुरूने किंवा त्यांच्या माणसाने अंगाला हात लावला, एकांतात ‘विशेष साधना’ सुचवली, डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगितली, दैवी शक्तीच्या नावावर पैसे किंवा जमीन मागितली, कुणाला बांधलं, मारलं, उपाशी ठेवलं, तर चाळीस दिवसांची वही वगैरे काही नाही, त्याच दिवशी बाहेर पडायचं. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून फसवणं, धमकावणं किंवा लैंगिक शोषण करणं हा त्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. पोलीस ठाण्यात या कायद्याचा दक्षता अधिकारी कोण आहे ते विचारा, तक्रार लेखी द्या आणि शिक्का मारलेली प्रत घ्या. तुम्ही जे लिहिलंय त्यात यातलं काही दिसत नाही. पण दिसत नाही आणि लिहिलं नाही यात फरक असतो, म्हणून सांगून ठेवलं.

येत्या गुरुवारपासून काय करायचं, तर आरतीला नेहमीसारखं जा. घरी आल्यावर अकराऐवजी पाच माळा करा, त्यातली पहिली मोठ्याने. उरलेला वेळ आसनावरच बसून राहा. मग वहीत पहिली ओळ लिहा. दत्तजयंतीच्या पारायणाला बसायचं की नाही, ते चाळीस दिवस भरल्यावर चौथा रकाना मोजून ठरवा.